रूट मिळतो पण टिकत नाही: जुन्या अँड्रॉइडवर बिघाड कुठून शोधायला सुरुवात करायची

खानापूर तालुक्यातल्या एका मित्राने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात दोन जुनी यंत्रं पडून आहेत: मीडियाटेक चिपचा सात इंची टॅबलेट, त्यात अँड्रॉइड ४.४.२, आणि सॅमसंगचा एक फोन, त्यात ५.१.१. बहीण दहावीला आहे. कर्नाटक पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तकं तिला टॅबलेटवर पीडीएफमध्ये वाचायला द्यायची आहेत. पण टॅबलेटमध्ये जागा नाही आणि निम्म्या वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. म्हणून रूट करून, म्हणजे एरवी बंद असलेल्या आतल्या भागावर पूर्ण ताबा मिळवून, कंपनीची अ‍ॅप्स काढायचं ठरवलं. किंगरूट हे रूट करून देणारं अ‍ॅप चालवलं, शंभर टक्के झालं, पण रीस्टार्ट केल्यावर रूट गायब. वरून सुपर-एसयू, म्हणजे रूटची परवानगी सांभाळणारं अ‍ॅप, टाकलं, तर 'एसयू बायनरी ऑक्युपाइड' असा संदेश. फोनवर तेच किंगरूट साठ टक्क्यांच्या आसपास जातं आणि फोन आपोआप बंद होऊन चालू होतो. शेवटी विचारलंय, 'आता कुठलं रूट अ‍ॅप वापरू?'

मी बेळगावात मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची आणि हद्दीपलीकडून चंदगडचीही अशी यंत्रं माझ्या टेबलावर येतात. बहुतेकांत दोन-तीन रूट अ‍ॅप्स एकमेकांवर चढवलेली असतात. त्यामुळे आधी एक विनंती: आता आणखी कुठलंही अ‍ॅप टाकू नका. टॅबलेटवर रूट मिळतोय पण टिकत नाही. फोनवर तो मिळतच नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्हींना 'रूट होत नाही' असं एकच नाव दिलं की माणूस अ‍ॅपमागून अ‍ॅप बदलत राहतो, आणि प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या फायली मागे ठेवून जातं. पुढचं काम त्यामुळे आणखी अवघड होतं.

बिघाडाकडे वळण्याआधी तुमच्या गरजेबद्दल बोलायला हवं, कारण तिथेच एक मोठा गैरसमज आहे. कंपनीने आधीच घालून दिलेली अ‍ॅप्स 'सिस्टम' नावाच्या वेगळ्या भागात असतात. तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स, त्यांचा डेटा आणि कंपनीच्या अ‍ॅप्सचे अपडेट 'डेटा' या दुसऱ्या भागात जातात. या दोन भागांमधली भिंत कारखान्यातच ठरलेली असते. रूट घेऊन कंपनीचं अ‍ॅप उडवलं की सिस्टम भागात जागा होते, पण 'जागा अपुरी' हा संदेश येतो तो डेटा भाग भरल्यामुळे. म्हणजे एवढा खटाटोप करूनही तुमच्या उपयोगाची जागा जवळजवळ वाढणार नाही. याउलट सेटिंग, मग अ‍ॅप्स, मग 'ऑल' या यादीत जाऊन त्या अ‍ॅपचे अपडेट काढले आणि ते 'डिसेबल' केलं, तर डेटा भाग खरोखर मोकळा होतो. हे बटण अँड्रॉइड ४.० पासून आहे आणि त्याला रूट लागत नाही. जागेसाठी रूटचा खरा उपयोग एकच: मेमरी कार्डावर दुसरं पार्टिशन करून लिंक-टू-एसडीसारख्या अ‍ॅपने बाकीची अ‍ॅप्स तिकडे हलवणं. नुसत्या पीडीएफसाठी त्याची गरज पडत नाही. पुस्तकं दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्या आणि कार्ड रीडरने मेमरी कार्डावर टाका. ४.४ मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सना मेमरी कार्डावर लिहायला बंदी घातली गेली, म्हणून टॅबलेटमधूनच फायली कार्डावर हलवायला गेलात तर अडेल. वाचायला मात्र काही अडचण नाही.

'सुरक्षित नाही' या संदेशासाठी पहिल्यांदा तारीख पाहा. कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅबलेटचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं, आणि तारीख चुकली की वेबसाइटची ओळख पटवणारं एकही प्रमाणपत्र जुळत नाही. अशा टॅबलेटमध्ये निम्म्या तक्रारी तारीख लावल्यावर संपतात. तारीख बरोबर असूनही अडत असेल तर कारण खोल आहे. खूप वेबसाइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांत त्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्रच नाही. जुन्या यंत्रांसाठी जी सोय चालू ठेवली होती, तिची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. इथेही रूटशिवाय वाट आहे. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं स्वतःजवळ बाळगतो, आणि ४.४ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती ६८ होती. ती मोझिलाच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्या. भलत्याच साइटवरची एपीके नको. किंवा ते मूळ प्रमाणपत्र उतरवून सेटिंगमधल्या सिक्युरिटीत 'इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज'ने बसवता येतं. त्यासाठी टॅबलेटला पिन किंवा पॅटर्न लावावा लागतो, आणि ४.४ वर नंतर 'तुमच्या नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असू शकतं' अशी सूचना दिसत राहते. घाबरू नका, ती बाहेरून बसवलेल्या कुठल्याही प्रमाणपत्रासाठी येते.

आमच्या भागात रूटची खरी गरज मला दिसते ती ४.० च्या टॅबलेटमध्ये. तिथे मराठी नीट दिसतं आणि कन्नडच्या जागी नुसते चौकोन येतात, कारण कन्नड, तेलुगू आणि मल्याळमचा आधार अँड्रॉइडमध्ये ४.१ पासून आला. घरात मराठी, शाळेत कन्नड विषय आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, अशा घराला हा चौकोनांचा त्रास मोठा आहे. निदान अक्षरं दिसावीत यासाठी फॉन्ट सिस्टम भागातच ठेवावा लागतो आणि त्याला रूट लागतो. जोडाक्षरं तरीही पूर्ण नीट बसतील याची खात्री नसते. तुमची दोन्ही यंत्रं त्याच्या पुढची आहेत.

हे सगळं वाचूनही रूट हवाच असेल, शिकण्यासाठी हवा असेल, तर आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

रूट मिळणं म्हणजे चार गोष्टी एकामागून एक घडणं. पहिली, कर्नलमधल्या, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या, एखाद्या त्रुटीतून किंवा अनलॉक केलेल्या बूटलोडरमधून (यंत्र चालू करून देणारा प्रोग्रॅम) आत शिरायला वाट मिळणं. दुसरी, 'एसयू' नावाची छोटी फाइल सिस्टम भागात लिहिली जाऊन तिथेच राहणं. तिसरी, ४.३ पासून पुढे, प्रत्येक वेळी यंत्र चालू होताना एसयूचा पहारेकरी, म्हणजे डीमन, पार्श्वभूमीला सुरू होणं. चौथी, परवानगी विचारणाऱ्या अ‍ॅपने त्या त्या अ‍ॅपला होकार देणं. यातली कुठलीही एक तुटली तरी रूट तपासणारं अ‍ॅप तोच लाल संदेश दाखवतं. म्हणून त्या अ‍ॅपवर मी विसंबत नाही, संगणकावरून एडीबीने, म्हणजे केबलमधून यंत्राला आज्ञा देणाऱ्या टूलने, पाहतो.

डेव्हलपर ऑप्शन्स उघडायला 'अबाउट'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट लावा, मग यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल डेटाची हवी. नुसती चार्जिंगची केबल असली तर संगणकाला यंत्र दिसणारच नाही, आणि लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात. ४.२.२ पासून पुढच्या यंत्रांच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी येते, तिला 'अलाउ' म्हणा. ती येत नसेल तर केबल किंवा पोर्ट बदला. मागच्या बाजूचं यूएसबी २ चं पोर्ट अशा कामाला जास्त भरवशाचं.

मग एडीबी शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, शिरा. समोर $ हे चिन्ह दिसेल. तिथे 'एसयू' टाइप करा (अर्थात रोमन लिपीत, छोटी अक्षरं). आता काय उत्तर येतं त्याकडे लक्ष द्या, सगळं निदान इथेच आहे. चिन्ह बदलून # झालं आणि 'आयडी' टाकल्यावर यूआयडी ० दिसलं, तर रूट शाबूत आहे आणि बिघाड फक्त परवानगीच्या अ‍ॅपमध्ये आहे. 'नॉट फाउंड' आलं, तर फाइलच जागेवर नाही. 'परमिशन डिनाइड' आलं, तर फाइल आहे, पण तिच्या परवानग्या चुकल्या आहेत किंवा एसई-लिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणारी अँड्रॉइडची सुरक्षा यंत्रणा) अडवतंय. काहीच न येता कर्सर लुकलुकत राहिला किंवा 'कनेक्ट' होत नसल्याची तक्रार आली, तर फाइल आहे, पहारेकरी झोपलाय.

टॅबलेटवर ही तपासणी दोनदा करा. एकदा किंगरूट शंभर टक्के झाल्या झाल्या, रीस्टार्ट न करता. आणि एकदा रीस्टार्टनंतर. पहिल्या वेळी # आणि दुसऱ्या वेळी 'नॉट फाउंड' असेल, तर लिहिलेलं पुसलं जातंय. पहिल्या वेळी # आणि दुसऱ्या वेळी कर्सर अडकला, तर फाइल टिकली पण डीमन उठला नाही. या दोन्हींवरचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

लिहिलेलं पुसलं जात असेल, तर एडीबीही लागणार नाही अशी एक चाचणी सर्वांत आधी करा. टॅबलेटच्या अंतर्गत मेमरीत (कार्डावर नव्हे) एक फोटो काढून ठेवा आणि जुना एखादा फोटो डिलीट करा. एखादं अ‍ॅपही काढून टाका. पाच-दहा मिनिटं थांबा आणि रीस्टार्ट करा. नवा फोटो गेला, डिलीट केलेला परत आला, काढलेलं अ‍ॅप पुन्हा जागेवर बसलं, तर रूटचा विषय तिथेच संपला. यंत्राची ईएमएमसी, म्हणजे मुख्य मेमरी चिप, थकली आहे. या चिपच्या पेशींना ठरावीक वेळाच लिहिणं झेपतं. खराब पेशींच्या जागी वापरायचा राखीव साठा संपला की चिपचा कंट्रोलर कित्येकदा स्वतःला 'फक्त वाचन' अवस्थेत टाकतो. यंत्र चालू होतं, जुना डेटा दिसतो, नवं लिहिलेलं काही वेळ रॅममध्ये राहतं म्हणून सगळं झाल्यासारखं वाटतं, आणि रीस्टार्टला सगळं होतं तसं होतं. फॅक्टरी रिसेट केला तरी जुनाच वॉलपेपर समोर येतो. सॉफ्टवेअर मारताना टूल कधी एरर देतं, कधी चक्क 'ओके' दाखवतं, पण आत काही बदललेलं नसतं. असा टॅबलेट घेऊन माणूस चार दुकानं फिरतो आणि प्रत्येक दुकानात पुन्हा सॉफ्टवेअरच मारलं जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. उपाय म्हणजे बोर्डवरची चिप बदलणं. सात इंची जुन्या टॅबलेटसाठी तो खर्च मी कुणालाही करायला सांगत नाही. आहे त्या अवस्थेत मेमरी कार्डावरची पुस्तकं वाचायला तो चालेल तोवर चालवावा.

फोटोची चाचणी पास झाली, म्हणजे चिप ठीक आहे. मग पाहायचं ते सिस्टम भागात जागा आहे का. शेलमध्ये 'डीएफ' टाकलं की प्रत्येक भागातली मोकळी जागा दिसते. स्वस्त टॅबलेटमध्ये कंपनीने सिस्टम भाग काठोकाठ भरलेला असतो. मोकळी जागा शून्य असेल तर एसयूची फाइल अर्धवट लिहिली जाते किंवा लिहिलीच जात नाही, आणि रूट अ‍ॅप मात्र तात्पुरत्या रूटच्या जोरावर शंभर टक्के दाखवतं. तेव्हा तो तात्पुरता रूट जिवंत असतानाच कंपनीचं एखादं मोठं, निरुपयोगी अ‍ॅप सिस्टममधून काढून जागा करावी आणि मग रूट पुन्हा घ्यावा. काय काढताय ते नीट पाहा. लाँचर, कीबोर्ड आणि सिस्टम यूआय यांना हात लावायचा नाही. काही कंपन्यांनी सिस्टम भागाला वेगळं लेखन-संरक्षणही घातलं होतं, एचटीसीचं एस-ऑन त्यासाठी प्रसिद्ध आहे. मीडियाटेकच्या साध्या टॅबलेटमध्ये ते सहसा भेटत नाही.

डीमन उठत नसेल तर थोडा इतिहास कामाचा आहे. ४.२ पर्यंत एसयूच्या फाइलला ०६७५५ अशी परवानगी दिली की काम भागायचं. कुठलंही अ‍ॅप ती चालवून रूट होऊ शकत असे. ४.३ मध्ये गूगलने अ‍ॅप्ससाठी ती वाट बंद केली. तेव्हापासून यंत्र चालू होतानाच एक डीमन रूट म्हणून सुरू व्हावा लागतो, आणि एसयू फक्त त्याच्याकडे निरोप पोचवतं. सुपर-एसयू हा डीमन उठवायला सिस्टममधल्या 'इन्स्टॉल-रिकव्हरी' या स्क्रिप्टचा आधार घेतं. ही स्क्रिप्ट मुळात कंपनीची रिकव्हरी (दुरुस्तीसाठीचा वेगळा छोटा भाग) परत बसवण्यासाठी असते. म्हणूनच काही यंत्रांत तुम्ही टाकलेली टीडब्ल्यूआरपी, म्हणजे बाहेरची रिकव्हरी, पहिल्या रीस्टार्टला नाहीशी होते. दोन रूट अ‍ॅप्स एकाच स्क्रिप्टवर हक्क सांगायला लागली की एकाचाही डीमन धड उठत नाही. तुमच्या टॅबलेटवर किंगरूट आणि सुपर-एसयू दोन्ही आहेत, तेव्हा माझा पहिला संशय इथेच आहे.

'एसयू बायनरी ऑक्युपाइड' याचाही अर्थ तोच: एसयूच्या जागेवर दुसऱ्याची फाइल बसली आहे. किंगरूट आपल्या फायलींना 'बदलता येणार नाही' असा शिक्का मारून ठेवतं. त्यामुळे नंतर रूट असूनसुद्धा त्या साध्या डिलीटने निघत नाहीत. फॅक्टरी रिसेटही उपयोगाचा नाही, कारण तो डेटा भाग पुसतो आणि या फायली सिस्टम भागात असतात. नीट क्रम असा: सुपर-एसयूचं अ‍ॅप काढा, किंगरूटने पुन्हा तात्पुरता रूट घ्या, आणि किंगरूटच्याच सेटिंगमधला रूट काढण्याचा पर्याय चालवा. मग रीस्टार्ट करून शेलमध्ये 'एसयू' टाका. उत्तर 'नॉट फाउंड' आलं तर पाटी कोरी झाली. नाही आलं, तर मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर, पुन्हा टाकणं हाच स्वच्छ मार्ग.

फर्मवेअर टाकताना मात्र घाई नको. स्वस्त टॅबलेटमध्ये एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळे बोर्ड आणि वेगवेगळे डिस्प्ले येतात. नाव जुळलं म्हणून फर्मवेअर टाकलं आणि स्क्रीन पांढरी झाली किंवा टच उलटा चालायला लागला, अशी यंत्रं सतत येतात. 'अबाउट'मधला पूर्ण बिल्ड नंबर आणि शक्य असेल तर मागचं झाकण काढून बोर्डवरचा छापील क्रमांक जुळवा. मीडियाटेकसाठी एसपी फ्लॅश टूल लागतं. त्यात आधी 'डाउनलोड' दाबायचं आणि मग बंद केलेला टॅबलेट केबलने जोडायचा. प्रीलोडरचं (मीडियाटेकमधल्या चालू होतानाच्या पहिल्या प्रोग्रॅमचं) पोर्ट संगणकाला काही क्षणच दिसतं आणि नाहीसं होतं, तो बिघाड नव्हे. विंडोज १० वर त्याचा ड्रायव्हर बसत नसेल तर ड्रायव्हर सिग्नेचरची सक्ती तात्पुरती बंद करावी लागते.

आणि 'फॉरमॅट ऑल' हा पर्याय कधीही निवडू नका. तो एनव्हीरॅमही (आयएमईआय साठवलेला भाग) पुसतो, मग सिम असलेल्या टॅबलेटचा आयएमईआय उडतो आणि नेटवर्क जातं. 'डाउनलोड ओन्ली' पुरेसं असतं. आयएमईआय बदलणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, २०१७ च्या नियमांपासून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून टूलच्या 'रीडबॅक'ने एनव्हीरॅम आणि बूटची प्रत आधीच काढून ठेवा. स्वतःच्या यंत्राची स्वतःची प्रत असली की कुणाकडून काही 'लिहून' घ्यायची वेळ येत नाही. आपल्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा हे काम चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा, टेबलावरच्या संगणकावर नको. टॅबलेटची बॅटरी निम्म्याहून वर हवी, आणि ती फुगलेली असेल तर आधी बॅटरी बदला, बाकी सगळं नंतर.

आता फोन. साठ टक्क्यांवर आपोआप रीस्टार्ट होणं म्हणजे पहिलीच पायरी तुटणं. किंगरूटसारखी अ‍ॅप्स तुमचं मॉडेल आणि कर्नल पाहून आपल्या सर्व्हरवरून एक्सप्लॉइट (त्रुटीचा फायदा घेणारा कोड) आणतात आणि एकामागून एक करून पाहतात. इंटरनेट लागतं ते त्यासाठी. एखादा एक्सप्लॉइट त्या कर्नलला मानवला नाही की कर्नल कोसळतो आणि फोन रीस्टार्ट होतो. त्रुटी बुजवलेल्या कर्नलवर तेच अ‍ॅप कितीही वेळा चालवलं तरी निकाल बदलत नाही. यासाठी 'अबाउट'मधल्या कर्नल आवृत्तीखालची तारीख बघायची सवय लावा. टॉवेलरूट हे जुनं रूट अ‍ॅप ज्या त्रुटीवर चालायचं ती जून २०१४ मध्ये उघड झाली. त्यानंतर बांधलेल्या कर्नलवर त्याची आशा धरू नये. डर्टी काउ ही प्रसिद्ध त्रुटी २०१६ च्या अखेरीस बुजवायला सुरुवात झाली. मीडियाटेकच्या काही ६४-बिट चिपसाठी एमटीके-एसयू हे टूल होतं, त्याची दुरुस्ती मार्च २०२० च्या सुरक्षा अपडेटमध्ये आली, आणि तेही रीस्टार्टपर्यंतचाच रूट देतं.

शिवाय तुमच्या फोनवर ५.१.१ आहे. एसई-लिनक्स ४.३ मध्ये नुसतं नोंद ठेवायला आलं, ४.४ मध्ये काही भागांपुरतं सक्तीचं झालं आणि ५.० पासून सगळीकडे सक्तीचं. 'गेटएन्फोर्स' ही आज्ञा टाकली की सद्यस्थिती दिसते. ५.१ च्या सॅमसंगवर सिस्टम भागात एसयू टाकून भागत नाही, उलट फोन लोगोवर अडकतो; बूट इमेजलाच, म्हणजे कर्नल असलेल्या भागालाच, हात लावावा लागतो. म्हणून इथे अ‍ॅपचा नाद सोडून ओडिनचा, म्हणजे सॅमसंगमध्ये फर्मवेअर टाकायच्या संगणकावरच्या टूलचा, रस्ता धरा. तुमच्या नेमक्या मॉडेलची टीडब्ल्यूआरपी (मागच्या झाकणाखालचा मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट जुळवून) डाउनलोड मोडमध्ये ओडिनने टाका आणि त्यातून सुपर-एसयूची २.८२ ही झिप 'सिस्टमलेस' (सिस्टम भागाला हात न लावणाऱ्या) पद्धतीने चढवा. आजचं मॅजिस्क हे रूटचं टूल ६.० पासून पुढच्याच यंत्रांसाठी आहे, म्हणून ५.१.१ वर ते धरून चालू नका.

इथे अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ओडिनमधला 'ऑटो रीबूट' बंद ठेवा आणि टीडब्ल्यूआरपी टाकल्यावर बटणं दाबून थेट रिकव्हरीत जा. फोन मध्ये एकदा नेहमीसारखा चालू झाला तर कंपनीची रिकव्हरी परत बसते. 'एफआरपी लॉक'चं (रिसेटनंतर जुनं गूगल खातं मागणारं कुलूप) नाव सांगत कस्टम बायनरी अडवली गेली, तर डेव्हलपर ऑप्शन्समधलं ओईएम अनलॉक चालू करा. काम संपेपर्यंत गूगल खातं काढून ठेवलेलं बरं. त्या खात्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत असायलाच हवा. जुना घेतलेला फोन असेल आणि आधीच्या मालकाचं खातं आत असेल, तर आधी त्या माणसाकडून ते काढून घ्या. बिल आणि मालक दोन्ही नसलेल्या फोनवर मी हे काम करत नाही. 'कर्नल इज नॉट एसई-अँड्रॉइड एन्फोर्सिंग' अशी ओळ लोगोजवळ दिसली तर तो दोष नाही, बूट इमेज बदलल्याची ती खूण आहे. सॅमसंगच्या ज्या फोनांत नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था आहे, तिथे त्याचा बिट एकदा ० चा १ झाला की मूळ फर्मवेअर टाकूनही परत ० होत नाही, हे मनाशी ठरवून मगच पुढे जा.

फोनमधले फोटो आणि नंबर आधी बाहेर काढून घ्या. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर हीच वाट बूटलोडर अनलॉक करून जाते, आणि अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो. तिथे रडत येणारे लोक पाहवत नाहीत.

एक गोष्ट मी ठामपणे सांगतो: यातल्या कुठल्याही यंत्रावर फोनपे, गूगल पे किंवा बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. बरीचशी अशी अ‍ॅप्स रूट केलेल्या यंत्रावर चालायला नकार देतात, आणि तो नकार चुकवण्याच्या युक्त्या शोधू नका. ४.४ आणि ५.१ ला सुरक्षा अपडेट येणं केव्हाच थांबलंय, त्यावर रूट म्हणजे आत शिरलेल्या अ‍ॅपला सगळं मोकळं. रूट झाल्यावर परवानगीच्या अ‍ॅपमध्ये 'प्रत्येक वेळी विचारा' ठेवा आणि काम संपलं की यूएसबी डीबगिंग बंद करा.

तुमच्या घरापुरतं माझं मत: टॅबलेटला रूट करू नका. तारीख लावा, अपडेट काढून नको ती अ‍ॅप्स डिसेबल करा, पुस्तकं कार्डावर टाका. एका संध्याकाळचं काम आहे आणि बहिणीला उद्यापासून वाचता येईल. शिकायची हौस फोनवर भागवा. तिथे काही बिघडलं तर मूळ फर्मवेअर मिळायची शक्यताही जास्त आहे, आणि बहिणीच्या अभ्यासाला धक्का लागत नाही.

पुढे मदत हवी असेल तर चार गोष्टी कळवा: फोटोच्या चाचणीचा निकाल, रीस्टार्टच्या आधी आणि नंतर 'एसयू'ला आलेलं उत्तर, 'डीएफ'मधली सिस्टमची ओळ, आणि दोन्ही यंत्रांच्या 'अबाउट' पानावरचा बिल्ड नंबर व कर्नलची तारीख. त्या पानाचा फोटो टाकलात तर आयएमईआय आणि सीरियल नंबर झाकून टाका.